रंगाखालची घंटा

मला कुणी जेवायला बोलावलं की यजमानीण भात वाढेपर्यंत मी आमटीची वाटी उचलून तिचा तळ बघितलेला असतो. एकदा देवरूखला एका लग्नघरात मी पळी-पंचपात्र हातात घेतलं, उलटं केलं आणि भटजींच्या सोवळ्यावर पाणी सांडलं. पंचपात्र जुनं होतं. भटजी बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

काय करू, माझ्या हातांना स्वस्थता नाही. पायांनाही नाही. वस्तू दिसली की ती उचलून, वाजवून, नखाने टोकरून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सुदैवाने याच अवगुणावर माझं पोट चालतं. रत्नागिरीत राम आळीच्या एका बोळात माझं दुकान आहे. जुन्या वस्तू ओळखायच्या, त्यांची किंमत सांगायची, पटलं तर विकत घ्यायच्या. समया येतात, चिनी मातीच्या बरण्या येतात, लंबकाची घड्याळं येतात. आपल्याकडे घरटी एक तरी माणूस बोटीवर गेलेला, त्यामुळे होकायंत्रं आणि दुर्बिणीही येतात. आणणारा प्रत्येक जण म्हणतो की ताई, निदान शंभर वर्षांची आहे. बहुतेक नसते. अलीकडे तर नवं पितळ शेणात पुरून, आम्लात बुडवून काळं करतात आणि ‘आजोबांची’ म्हणून विकतात. माझ्या धंद्यात ‘नाही’ म्हणायचंच काम जास्त, आणि ते मला छान जमतं.

लोक विचारतात, कसं ओळखता? यात जादू काही नाही. मी झीज बघते. माणूस सवयीचा गुलाम असतो. तो समई रोज एकाच ठिकाणी धरून उचलतो, पाट्यावरचा वरवंटा एकाच बाजूने ओढतो. खरी झीज त्या सवयीची असते, म्हणून ती वेडीवाकडी असते. नकली झीज सगळीकडे सारखी. वस्तू म्हातारी करता येते, पण तिला सवय लावता येत नाही.

ही संशयाची खोड मला दुकानात लागली नाही. ती मला बाबांनी लावली.

बाबा बोटीवर खलाशी होते. मालवाहू बोटीवर, परदेशी कंपनीच्या. वर्षातून एकदा घरी यायचे, येताना गोष्टी घेऊन यायचे. आणि दर वेळी त्याच गोष्टी निराळ्या व्हायच्या. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आमच्या गावच्या देवळातल्या घंटेची. ती अशी: तरुणपणी त्यांची बोट एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. इतकं धुकं पडलं की स्वतःचा हात दिसेना. धुक्यात नांगरलेल्या बोटीने थोड्या थोड्या वेळाने घंटा बडवत राहायचं असतं, म्हणजे येणाऱ्या बोटीला कळतं. बाबांना बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभं केलं होतं. हाताची सालं निघेपर्यंत त्यांनी घंटा वाजवली. पहाटेच्या सुमाराला धुक्यातून एक प्रचंड जहाज अंगावर आलं, घंटा ऐकून ऐन वेळी वळलं आणि अगदी चाटून गेलं. तिथेच बाबांनी गावदेवीला नवस बोलला, की मी जिवंत घरी पोचलो तर ही घंटा तुझी. पुढे ती बोट मुंबईला भंगारात निघाली तेव्हा त्यांनी कॅप्टनचे पाय धरून घंटा मागून घेतली आणि गावाला आणली.

आता यात कॅप्टन कधी इंग्रज असायचा, कधी ग्रीक. धुकं कधी एका रात्रीचं, कधी आठवडाभराचं. घंटेवर बोटीचं नाव कोरलेलं होतं म्हणायचे. मी लहानपणी विचारायची, काय नाव होतं? दर वेळी वेगळं सांगायचे. मग आता दिसत का नाही ते नाव? तर म्हणे, गावकऱ्यांनी हरकत घेतली, देवीसमोर परक्या देशातली अक्षरं नकोत, म्हणून लोहाराला बसवून कानशीने घासून काढली. घासणारे आणि घासायला सांगणारे केव्हाच गेलेले. दहावीत असताना मी भर पंगतीत म्हटलं होतं, “बाबा, नाव घासलं नाही कोणी. नाव नव्हतंच.” पंगत हसली. बाबाही हसले, आणि पुढचा घास घेतला.

गावाचा मात्र त्यांच्यावर विश्वास होता. घंटा दिली म्हणून गावाने आमच्या घराला मान दिला. शिमग्यात पालखी देवळातून सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या चौथऱ्यावर, निघते तेव्हा घंटेचा पहिला टोला आमच्या घराचा. कोकणात मानाची गोष्ट म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. त्या एका टोल्यासाठी बाबा बोटीवरून सुट्टी जुळवून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर तर शिमग्याच्या आधी आठवडाभर ते बनियन-धोतर धुवून वाळत घालायचे आणि कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

पण घंटा खरी कशी दिसते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या गावाला ऑइल पेंटचं वेड आहे. दर शिमग्याआधी देवळाचे खांब रंगतात, दीपमाळ रंगते, दानपेटी रंगते आणि उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून घंटा रंगते. बाहेरून रंगते आणि आतून जिथवर ब्रश पोचेल तिथवर रंगते. इतक्या वर्षांच्या रंगाने तिचा आवाज बसून गेला होता. घसा बसलेल्या माणसाने हाक मारावी तशी ती वाजायची.

बाबांना आता दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. ते आमच्या घराच्या पडवीत खुर्ची टाकून बसतात, देऊळ तिथून दोन हाकांवर. दिवसभर त्यांचं लक्ष त्या बसक्या घंटेकडे. कोणी वाजवली ते त्यांना हातावरून कळतं. “ही गुरवाची सून. कायतरी बिनसलेलं हाय तिचं आज.” त्यांच्याजवळ राहणारी माझी वहिनी सांगते की बहुतेक वेळा बरोबर निघतं. सकाळची आरती झाली की ते चहा मागतात, संध्याकाळची झाली की दिवस संपला म्हणतात. घड्याळाचा त्यांना उपयोग नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर देवस्थान समितीच्या अध्यक्षांचा मला फोन आला. नात्याने माझे चुलतभाऊ लागतात, स्वभावाने सरळ, पण एखादं काम डोक्यात घेतलं की दुसरं काही दिसत नाही. देवळाचा सभामंडप मोठा करायचा होता, स्लॅबला पैसे कमी पडत होते. मालगुंडच्या बाजूला एकाने नवीन रिसॉर्ट काढलेलं, त्याला दारात टांगायला बोटीवरची जुनी घंटा हवी होती.

“चांगले पैसे देतोय ताई. स्लॅब आरामात पडंल. पण त्याला खात्री पायजे. घंटेवर नाव नाय, नंबर नाय. तुम्ही तपासून सांगितलंत की बोटीवरचीच हाय, तर तो उद्या घेऊन जातोय.”

“आणि देवळात काय वाजवणार?”

“मशीन हाय की! मुंबयच्या मंडळाने दिलंनीत. बटण दाबलं की ढोल, ताशा, घंटा, सगळं एकदम.”

ते मशीन मी बघितलं होतं. आरतीला ते चालू केलं की देवीसुद्धा दचकत असेल. पण मला राग आला तो मशीनचा नाही. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कशी कोंडीत सापडले आहे. घंटा खरी निघाली तर बाबांचा शब्द खरा ठरेल, आणि घंटा जाईल. त्या आंधळ्या माणसाच्या दिवसाला उरलेलं एकच घड्याळ रिसॉर्टच्या दारात टांगलं जाईल. घंटा खोटी निघाली तर ती राहील, पण मग बाबा सगळ्या गावासमोर खोटारडे ठरतील आणि मानही जाईल. आणि निकाल मी द्यायचा.

आतून मला पुरती खात्री होती की घंटा खोटीच निघणार. त्यामुळे मला सुटल्यासारखंही वाटत होतं आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची चीडही येत होती. दोन दिवस दुकानात माझं चित्त नव्हतं. लांज्याचं एक गिऱ्हाईक काजूची बी फोडायचा जुना अडकित्ता घेऊन आलं, तर त्याचा अडकित्ता माझ्याच हातून फरशीवर पडला.

मी स्कूटर काढली आणि बाबांना विचारायला गेले. ते पडवीतच होते.

“कळलं ना तुम्हाला?”

“कळलंय. तुला बोलावलंनीत तपासायला.”

“खरी निघाली तर विकणार आहेत.”

“हां.”

“आणि नाही निघाली तर?”

बाबा हसले. “तू तर लहानपणापासून नाय म्हणतेस. तुला कशाला एवढं टेन्शन?”

मला ते लागलं. मी म्हटलं, “मी जे आहे ते सांगणार, बाबा. मला दुसरं येत नाही.”

“तेच सांग,” ते म्हणाले, आणि कान देवळाकडे लावून बसले.

ठरलेल्या दिवशी मी सकाळीच देवळात पोचले. पिशवीत रंग काढायचं औषध, चिंध्या, बांबूच्या तासलेल्या काड्या, भिंग, बॅटरी. घंटा आधीच उतरवून सभामंडपात एका लाकडी घोडीला टांगून ठेवली होती. एक जण ग्राइंडर घेऊन तयारच होता, त्याला मी आधी बाहेर काढलं. लोक बरेच जमले होते. बाबांना वहिनीने हाताला धरून आणलं आणि मधल्या खांबाशी बसवलं. मी काम सुरू करणार तोच गुरव म्हणाला, “थांबा. देवीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाय.”

म्हणजे कौल. आमच्याकडे गावाची कुठलीही मोठी गोष्ट देवीला विचारल्याशिवाय होत नाही. फुलाच्या कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना चिकटवायच्या. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग जे काय असेल ते, हायकोर्टाच्याही वरचं.

गुरवाने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. “बाय माझे, तुझ्याच दारातली घंटा, तुझीच लेकरं तपासतायत. रंग काढायचा तर उजवी दे.” लोक म्हणाले, “होय म्हाराजा.” आणि सगळे गप्प बसले.

कळी काही पडेना.

मला कोणी शिक्षा द्यायची असेल तर अशी द्यावी. समोर घंटा, हातात काडी, आणि दोन ओल्या कळ्या दगडाला चिकटून बसलेल्या. मी एकदा बसले, एकदा उठले, दारापर्यंत जाऊन आले. पंखा चालू होता, मी म्हटलं पंखा तरी वाढवा, तर गुरवाने असं बघितलं की मी गप्प बसले. कोणीतरी तंबाखू मळत होतं. अध्यक्ष मोबाइल बघत होते, बहुतेक रिसॉर्टवाल्याचा मेसेज. बाबा तेवढे स्वस्थ होते. ज्या माणसाचं सगळं पणाला लागलेलं तो खांबाला टेकून बसलाय, आणि मी येरझाऱ्या घालतेय. डोक्यात तिडीक गेली. वाटलं, डावीच पडू दे, तपासायलाच नको, मी आपली घरी जाते.

उजवी पडली.

रंग काढायला दुपार गेली. वरचा चंदेरी, त्याखाली पिवळा, त्याखाली लाल, पुन्हा चंदेरी. गावाचे सगळे शिमगे एकाखाली एक निघत होते. औषधाच्या वासाने बायका पदर नाकाला लावून लांब जाऊन बसल्या. हळूहळू पितळ दिसायला लागलं. घाट देवळातल्या घंटांसारखा नव्हता, ओठ जाड होता. पण घाट काय, कोणीही ओततं. मी नावाच्या जागेकडे आले.

तिथे बोटभर रुंदीची पट्टी सपाट होती. बाकी घंटा गोल, तेवढाच भाग दाबल्यासारखा. बॅटरी तिरकी धरली तर त्यावर आडवे ओरखडे, जवळजवळ, एका दिशेचे. कानशीचे. आणि भिंगातून, सगळ्यात खालच्या कडेला, एका अक्षराचा पाय राहून गेलेला. लोहाराचा हात तेवढा पोचला नव्हता.

मी घंटेच्या आत डोकं घातलं. ओठाच्या आतल्या बाजूला सगळीकडे बारीक चेपे होते, ते देवळातले. लोक येतात, लोलक कसाही ढकलतात, कुठेही आपटतो. पण त्या सगळ्यांच्या खाली, समोरासमोर दोन ठिकाणी, पितळ खोल खचलं होतं. अंगठा मावेल इतकं. कोणीतरी लोलकाला दोर बांधून, एकाच रेषेत, इकडून तिकडे, पुन्हा पुन्हा बडवल्याशिवाय असं होत नाही. उजवीकडचा खळगा डावीकडच्यापेक्षा खोल होता. मी जन्मभर जी झीज शोधत आले, ती ही. हिच्याइतकी खरी वस्तू माझ्या दुकानात आजवर आलेली नाही.

मी डोकं बाहेर काढलं. कोणाला काही कळलं नव्हतं. त्यांना फक्त चकचकीत पितळ दिसत होतं.

“ताई, वाजवून तर बघा,” अध्यक्ष म्हणाले.

मी लोलक धरला आणि एकदा सोडला.

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. गावातही कित्येक वर्षांत कोणी ऐकला नव्हता. स्वच्छ, लांब, एखादी गोष्ट ठामपणे सांगितल्यासारखा. मंडपातून बाहेर गेला आणि समोरच्या आंब्याच्या बागेपर्यंत जाऊन आला असं वाटलं. बाहेरची कुत्री भुंकायची थांबली. आणि खांबाशी बसलेले बाबा, हात न धरता, एकटे, उठून उभे राहिले.

त्यांचा चेहरा बघून माझा धीर सुटला. मला रडायला यायला लागलं, आणि रडायला आलं की मला राग येतो.

“बघितलांत?” अध्यक्ष खूश झाले. “असला आवाज बाजारच्या घंटेला नाय. बोटीवरचीच ना ताई? फोन करू त्याला?”

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर काय म्हणणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं. ‘हो’ जिभेवर आलं होतं, कारण जे आहे ते सांगायची मला सवय आहे.

“बोटीवरची नाय ती,” बाबा म्हणाले.

सगळे तिकडे वळले.

“बोट भंगारात गेली तवा तिची घंटा दुसऱ्यानंच कोणी नेलंन. मी नवस बोललेला, रिकाम्या हाताने गावात कसा येणार? मुंबयला बाजारात घेतली ही. साधी हाय. बोटीची म्हणून सांगितलंय मी.”

मग गुरव हळूच म्हणाला, “आणि ती अक्षरं, काका? आमचे आजोबा सांगायचे, अक्षरं घासली म्हणून.”

“दुकानदाराचं नाव हुतं ते,” बाबा म्हणाले. “दुसरं काय असणार?”

कोणीतरी हसलं. मागून एक आवाज आला, “म्हणजे इतकी वरसं मान फुकटच घेतलान म्हाताऱ्याने.” बाबांनी ऐकलं. त्यांचे कान काय आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते तसेच उभे राहिले, हात खांबावर.

अध्यक्षांचं तोंड पडलं होतं. ते माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा. काका म्हणतायत ते बरोबर?”

माझ्या अंगठ्यात अजून तो खळगा होता. एवढ्या वर्षांत मी बनावट वस्तूला खरं म्हटलं नाही आणि खऱ्या वस्तूला बनावट म्हटलं नाही. त्यावरच लोक माझ्याकडे येतात.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “साधी घंटा आहे. बाजारातली.”

चिंध्या, काड्या, भिंग, सगळं पिशवीत कोंबलं आणि कोणाचा निरोप न घेता स्कूटर काढली. निघण्याआधी गुरवाला एकच सांगितलं, की बाहेरून काय रंगवायचं ते रंगवा, आतून ब्रश लावलात तर माझ्याशी गाठ आहे. तो घाबरून हो म्हणाला. बाबांकडे मी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी स्वतःला खोटं पाडलं याचा राग होता, मला त्यात ओढल्याचा होता, आणि सगळ्यात जास्त राग याचा की घंटा खरी निघाली. रत्नागिरीपर्यंत मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने भांडत गेले.

रिसॉर्टवाल्याने दुसरीकडून कुठून तरी नवीकोरी ‘जुनी’ घंटा आणली. आमची भंगाराच्या भावाची ठरल्यामुळे तिला कोणी विचारलं नाही, ती परत आपल्या जागी चढली. स्लॅबसाठी समितीने पुन्हा वर्गणी काढली. आणि गावाने बैठक घेऊन पहिल्या टोल्याचा मान दुसऱ्या घराला दिला. हे मला वहिनीने फोनवर सांगितलं. म्हटलं, बाबा काय म्हणाले? म्हणाली, काही नाही, चहा मागितला.

मी त्या महिन्यांत गावाला गेले नाही. दुकानात माल बघायची, पण एखादी झिजलेली समई हातात आली की नको वाटायचं. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, ताई, नक्की खरं सांगताय ना? गिऱ्हाइकं असं नेहमीच विचारतात. त्या दिवशी मी त्याच्यावर उगाचच खेकसले.

शिमग्याला मात्र गेले. न जाऊन चालत नाही, माहेरवाशिणीने ओटी भरायची असते. पालखीत देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, लागली होती, ढोल घुमत होते, गुलाल उडत होता. घंटा पुन्हा बाहेरून चंदेरी झालेली. पालखी उचलली आणि दुसऱ्या घरच्या माणसाने पहिला टोला दिला. मी तिथे थांबले नाही. घरी आले तर बाबा पडवीत एकटेच. धुतलेलं बनियन-धोतर घातलेलं. कोणी सांगितलं होतं त्यांना घालायला?

“हात हलका हाय त्याचा,” ते म्हणाले. “शिकंल.”

मी पायरीवर बसले, उठले, पुन्हा बसले. ढोल सहाणेच्या दिशेने लांब जात होते.

“बाय,” बाबा म्हणाले. “तू आतून बघितलंस ना तिला?”

“बघितलं.”

“मग?”

“मग काय?”

“बोटीवरची हाय?”

मला वाटलं ते माझी थट्टा करतायत. मी चिडून म्हटलं, “तुम्हीच तर सांगितलंत नाही म्हणून. सगळ्या गावासमोर.”

“ते सांगितलंय मी,” ते म्हणाले. “पण तू शिकलेली. तुझा धंदा तो. लहानपणापासून तू नाय म्हणत आलीस. मलापण मग वाटाय लागलं हुतं, मी मनचंच रचून सांगतोय काय सगळं. नाव आठवत नाय, कॅप्टन कोण ते आठवत नाय. आवाज ऐकला तवा वाटलं तीच. पण कानाचा तरी काय भरवसा? देवळात बोललो ते खोटं की खरं, मला ठाऊक नाय, बाय.”

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना उठवलं. देऊळ रिकामं होतं, सगळं गाव पालखीबरोबर गेलेलं, दारात नुसता गुलाल. घंटेखाली उभं करून मी त्यांचा हात वर नेला आणि त्यांचा अंगठा आतल्या ओठावरून फिरवत फिरवत त्या खळग्यात ठेवला. मग समोरच्या खळग्यात. मग पुन्हा पहिल्यात.

त्यांनी आपणहून अंगठा खळग्याच्या तळापर्यंत दाबला.

“हा उजवीकडचा,” ते म्हणाले. “त्या रात्री डावा हात दमलेला. हा दमला नव्हता.”

मग त्यांनी लोलक चाचपून धरला आणि घंटा वाजवायला लागले. देवळातल्यासारखी एक-दोन वेळा नाही. जोरजोरात, घाईघाईने, इकडून तिकडे, अंगावर काहीतरी चालून येत असल्यासारखी. सहाणेवर ढोल चालू होते, तिकडे कोणाला ऐकू गेलं नसणार. मी शेजारी उभी होते, त्यांचा हात थांबेपर्यंत.